पंखा लागला का, आणि थांबला का?

होळी झाली की विदर्भात घरोघरी कूलर बाहेर निघतो. ताट्यांमधलं काळवंडलेलं वूडवूल काढून नवं भरायचं, पंप पाणी वर चढवतो का ते पाहायचं, मोटर सुरू करून कान द्यायचा. मोटर नुसतीच गुणगुणते आणि पाती फिरत नाहीत, म्हणजे कंडेन्सर गेला, हे निदान इथलं शाळकरी पोरही करतं. वर्धा जिल्ह्यातली आष्टी, १९४२च्या हुतात्म्यांमुळे ‘आष्टी शहीद’ म्हटली जाते ती, याला अपवाद नाही. पण त्याच अंगणात उभ्या असलेल्या एमएच-३२च्या जुन्या गाडीच्या नाकातही एक कूलर बसवलेला असतो. त्यालाही पंप असतो, ताटीच्या जागी रेडिएटर असतो आणि पंखा असतो. त्याच्याकडे मात्र होळीनंतर कोणी बघत नाही. बघितलं जातं ते थेट मे महिन्यात, बाजाराच्या गर्दीत बोनेटखालून वाफ निघाल्यावर.

मग पुढचंही ठरलेलं असतं. कोणी बाटलीतलं पाणी ओततो, कोणी गाडी ढकलून सावलीत लावतो आणि गॅरेजात तोडगा एका वाक्यात निघतो, ‘फॅन डायरेक्ट करून टाकू.’ म्हणजे मधले सगळे जोड वगळून पंख्याला सरळ वायर ओढायची. किल्ली फिरवली की पंखा चालू, किल्ली काढली की बंद. गाडी घरी पोचते, पण बिघडलं काय होतं ते गाडीवाल्याला कळत नाही आणि बहुधा मिस्त्रीलाही नाही. तो बिघाड शोधणं अवघड नसतं. फक्त माग क्रमाने काढावा लागतो.

दोन कूलरांतला फरक

आधी उष्णतेचा हिशेब पाहू. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली जेमतेम पाव उष्णता चाकं फिरवायला लागते. बरीचशी सायलेन्सरमधून जाते आणि ढोबळमानाने तिसरा हिस्सा इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरतो. एक लीटर पेट्रोल जाळलं, तर पाण्यात उतरणारी ही उष्णता माठातल्या पस्तीसेक लीटर पाण्याला उकळी आणू शकेल. दोन-तीन गुंड पाणी उकळेल एवढा जाळ, आणि गाडीत खेळतं असतं ते अवघं काही लीटर पाणी. ते जागच्या जागी थंड करून पुन्हा इंजिनाकडे धाडणं हे रेडिएटरचं काम.

घरचा कूलर पाणी वाळवून हवा गार करतो. बाहेर जितकं कोरडं, तितकं त्याचं काम सोपं, म्हणून विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तो राज्य करतो. रेडिएटरमधलं पाणी बंदिस्त असतं, ते वाळत नाही. त्याचा सगळा भरवसा पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. पाणी ९५ अंशांवर आहे असं धरा. डिसेंबरातल्या सकाळी बाहेर २० अंश असले, तर फरक ७५ अंशांचा. मेअखेरच्या नवतप्यात बाहेर ४५ अंश असले, तर फरक उरतो ५०. रेडिएटर तोच, पंखाही तोच, पण उष्णता फेकण्याची ताकद एक तृतीयांशाने घटलेली. शेजारच्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि तापलेल्या डांबरालगतची हवा, जी गाडी ओढून घेते, ती त्याहूनही गरम असते. म्हणून दुबळा पंखा हिवाळाभर निभावून नेतो आणि नेमका मे महिन्यात उघडा पडतो. बिघाड मे महिन्यात दिसतो, पण होतो बराच आधी.

पट्टा गेला, वायर आली

१९००च्या अखेरीस विल्हेल्म मायबाख यांनी डायम्लर कंपनीच्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजला मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. आणि मागे एक छोटा पंखा होता, कारण गाडी हळू चालली की समोरून येणारी हवा पुरत नाही. सव्वाशे वर्षांनंतरही पंख्याचं काम एवढंच आहे. गाडी पळत असताना वारा फुकट मिळतो, ती रेंगाळली की पंख्याने तो आणून द्यायचा.

अँबॅसडर, कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी जीप यांत इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेलं असे. पुढच्या टोकाला पट्टा, पट्ट्यावर पाण्याचा पंप आणि पंपाच्याच दांड्यावर पंखा. इंजिन फिरलं की पंखा फिरणारच. तिथे तपासायचं ते मुख्यतः पट्ट्याला. अंगठ्याने दाबला तर साधारण एक सेंटिमीटर दबावा. त्याहून जास्त दबला, कडांना चिरा दिसल्या किंवा इंजिन जोरात केल्यावर किंचाळला, तर पट्टा घसरतोय.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि ही सोय संपली. तिचं तीन सिलिंडरांचं ७९६ सीसी इंजिन आडवं बसवलेलं. फिरत्या दांड्याची टोकं डाव्या-उजव्या चाकांकडे, रेडिएटर मात्र समोर. पट्ट्याने पंखा फिरवायचा तर वारा चाकाकडे जाणार! म्हणून रेडिएटरला चिकटून वेगळी विजेची मोटर आली. पंखा गरज असेल तेव्हाच चालू लागला, त्यामुळे इंधन वाचलं आणि थंडीत इंजिन लवकर गरम होऊ लागलं. मोबदल्यात एका पट्ट्याच्या जागी अख्खी साखळी आली. बॅटरी, फ्यूज, रिले, थर्मो स्विच, कपलर, मोटर आणि शेवटी बॉडीला जोडलेला अर्थ. यातली एक कडी सुटली, तरी पंखा बंद. मारुती ८००चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण तिच्या पिढीच्या गाड्या अजून गावोगावी संत्र्यांचे क्रेट आणि लग्नाचे पाहुणे वाहतात, आणि ही साखळी त्यांच्यासोबतच म्हातारी झाली आहे.

तापते कुठे?

बोनेट उघडण्याआधी एक प्रश्न गाडी चालवणाऱ्याला विचारायचा. गाडी तापते कुठे? अर्धं निदान या उत्तरात असतं.

समृद्धी महामार्गावर एकसारखी पळताना काटा जागेवर, आणि आर्वीच्या बाजारात शिरल्यावर किंवा फाटकापाशी थांबल्यावर काटा चढतो, गाडी पुन्हा पळू लागली की उतरतो. असं असेल तर संशय पंख्यावर. वाऱ्याचा फुकट पुरवठा थांबला आणि विकतचा सुरू झाला नाही, एवढाच त्याचा अर्थ. उलट गाडी पळतानाच तापत असेल, तर पंख्याला दोष देऊ नका. तिथे पाणी कमी असणं, रेडिएटर आतून चोंदणं, थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारी पाण्याची वाट उघडणारी झडप) अडकणं, पंप थकणं किंवा हेड गॅसकेट उडणं, यांपैकी काहीतरी असतं. तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटासारखा चढ मधला. वेग कमी आणि इंजिनावर ओझं जास्त, तिथे दोन्ही दोष दिसू शकतात. म्हणून निव्वळ घाटावरून निकाल द्यायचा नाही.

दुसरी तपासणी पाण्याची, आणि ती विजेच्या आधी करायची. कारण थर्मो स्विच पाण्यात बुडालेला असला तरच त्याला तापमान कळतं. पाणी खाली गेलं की त्याचं टोक वाफेत किंवा हवेत लोंबकळतं. इंजिन भाजत असताना स्विचला वाटतं सगळं ठीक आहे. पंखा लागत नाही, काही वेळा काटासुद्धा खाली पडतो. अशा गाडीत नवी मोटर, नवा स्विच, नवा रिले बसवला तरी फरक पडत नाही. गळका होज पाइप मात्र तसाच राहतो.

पाणी पाहायचं ते गार गाडीत. रेडिएटरचं झाकण पाण्यावर दाब ठेवतं, त्यामुळे शंभर अंश ओलांडले तरी ते उकळत नाही. तापलेल्या गाडीचं झाकण उघडलं की दाब सुटतो आणि तेच पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. आणि तापल्या गाडीच्या पंख्याजवळ बोटं, दुपट्टा किंवा ओढणी नेऊ नका. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा आपोआप लागतो.

तीन प्रश्न

पाणी पुरेसं आहे, गाडी थांबल्यावरच तापते. आता गाडी मोकळ्यावर उभी करून पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा आणि काट्यावर नजर ठेवा. साधारणपणे थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडतो आणि पंखा नव्वदीत लागतो. नेमके आकडे गाडीगणिक वेगळे. काटा मधल्या खुणेच्या बराच वर गेला तरी पंखा लागला नाही, तर इंजिन बंद करा. वाफेची वाट पाहायची नाही.

इथून पुढे क्रमाने तीन प्रश्न. मोटर जिवंत आहे का? मोटरपर्यंत वीज येते का? आणि वीज सोडायचा हुकूम येतो का?

मोटरचा प्रश्न सर्वात सोपा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून पाती हाताने फिरवा. ती अडत असतील, खरखरत असतील किंवा डुलत असतील तर बुश गेलं. मग मोटरचा कपलर सोडवा, बॅटरीची तार पुन्हा जोडा आणि फ्यूज लावलेल्या वायरीने मोटरला बॅटरीचा थेट करंट द्या. झपकन पूर्ण वेगाने फिरली, तर मोटर निर्दोष. हललीच नाही, पण स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तिच्या पाठीवर टकटक केल्यावर फिरू लागली, तर कार्बन झिजले आहेत. घरच्या कूलरशी इथे गल्लत होते. कूलरची मोटर घरातल्या एसी विजेवर चालते, म्हणून तिला कंडेन्सर लागतो. गाडीची मोटर बॅटरीच्या डीसीवर चालते. तिच्यात कंडेन्सर नाही, तर फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे कार्बनचे दोन तुकडे असतात. ते झिजून आखूड झाले की मोटर कधी चालते, कधी रुसते. ‘काल तर चालत होता’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

मोटर ठणठणीत असेल तर दुसरा प्रश्न. फ्यूजपेटीच्या झाकणावरचा नकाशा पाहून पंख्याचा फ्यूज शोधा. नुसत्या डोळ्यांवर विश्वास नको, टेस्ट लॅम्प त्याच्या दोन्ही बाजूंना लावून बघा. उडालेला फ्यूज बदलला आणि पुन्हा उडाला, तर जास्त अँपिअरचा घालायचा मोह टाळा. फ्यूज उडतोय याचा अर्थ मोटर अडकते आहे किंवा कुठेतरी वायर बॉडीला घासते आहे. जाड फ्यूज घातला, तर पुढच्या वेळी फ्यूज राहील आणि वायर जळेल.

त्यानंतर रिले. त्याच्या पायांवर बहुतेक ३०, ८७, ८५ आणि ८६ असे आकडे असतात. ३०वर बॅटरीचा करंट येतो, ८७मधून तो मोटरकडे जातो. ८५ आणि ८६ म्हणजे आतल्या छोट्या चुंबकाची दोन टोकं. सगळ्यात स्वस्त परीक्षा अशी, की त्याच गाडीतला हॉर्नचा रिले त्याच क्रमांकाचा असेल, तर दोघांची अदलाबदल करा. पंखा लागला आणि हॉर्न मुका झाला, तर चोर सापडला. रिले काढून सॉकेटमधले ३० आणि ८७ वायरीने जोडल्यावर पंखा फिरला, तर तिथून मोटरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे.

याच टप्प्यावर जुन्या गाडीतला सर्वात दुर्लक्षित गुन्हेगार भेटतो, तो म्हणजे अर्थ. मोटरमधून निघालेली वीज काळ्या वायरीने बॉडीत उतरून बॅटरीकडे परतते. त्या जोडाचा स्क्रू पंधरा-वीस पावसाळे पाहून गंजलेला असतो. इथे मीटरही फसवतो. वायरीचे सगळे तंतू तुटून एकच शाबूत राहिला असला, तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटरला करंट नगण्य लागतो. छोट्या गाडीच्या पंख्याला आठ-दहा अँपिअर लागू शकतात, तेवढा भार त्या एका तंतूला झेपत नाही. म्हणून मिस्त्रीकडचा इंडिकेटरच्या बल्बचा टेस्ट लॅम्प जास्त खरं बोलतो. तो भार मागतो. तो मिणमिणला, तर वाटेत कुठेतरी गंज आहे. मीटरच वापरायचा तर पंखा चालू असताना मोटरची अर्थ पिन आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर तेवढी वीज गंज खातो आहे. सँडपेपर आणि एक नवा स्क्रू, एवढाच कधीकधी पूर्ण दुरुस्तीचा खर्च असतो.

तिसरा प्रश्न हुकमाचा. कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या गाड्यांत हुकूम थर्मो स्विच देतो. त्याच्या पोटात दोन धातू चिकटवून केलेली एक चकती असते. उष्णतेने एक धातू जास्त फुगतो, चकती टक्कन उलटी वळते आणि जोड पूर्ण होतो. पाणी काही अंश उतरलं की ती परत वळते. किल्ली चालू ठेवून या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडा. एकच वायर असेल तर ती इंजिनाच्या धातूला टेकवा. पंखा लागला, तर स्विच मेलेला असावा. खात्रीसाठी तो काढून पातेल्यातल्या गरम पाण्यात टोक बुडवा आणि मीटरने पाहा, उकळी फुटायच्या आत जोड व्हायला हवा. बोअरच्या जड पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीत या टोकावर क्षाराचा थर चढलेला असतो. मग स्विच चांगला असूनही त्याला ऊब उशिरा लागते. आणि एकवायरी स्विच बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. त्याचा अर्थ त्या आट्यांतूनच जातो.

२०००नंतरच्या एमपीएफआय गाड्यांत हुकूम संगणक देतो. पाण्यातला सेन्सर हा स्विच नसतो, तो तापमान कळवतो फक्त. त्याच्या वायरी एकमेकींना जोडण्याची वरची युक्ती इथे चालवू नका. त्याऐवजी सेन्सरचा कपलर काढून किल्ली चालू करा. अनेक गाड्यांत संगणक घाबरून, सावधगिरी म्हणून पंखा लावतो. लागला, तर रिले आणि मोटर दोन्ही संशयातून सुटले. बऱ्याच गाड्यांत एसी चालू करूनही हेच कळतं, कारण एसी लागला की पंखाही लागतो. मात्र एसीला वेगळा पंखा असेल, तर कोणता फिरतोय ते पाहून घ्या.

फिरतो, पण वारा नाही

कधीकधी पंखा इमानदारीने फिरत असतो, तरी गाडी तापते. वर्तमानपत्राचा एक कागद रेडिएटरच्या पुढच्या बाजूला धरा. पंखा मागे असेल तर तो कागद ओढून चिकटवून ठेवेल. कागद बाहेर ढकलला गेला, तर पंखा उलटा फिरतो आहे. मोटर किंवा कपलर बदलताना दोन वायरी उलट जोडल्या की असं होतं. पंखा समोरच्या वाऱ्याशीच कुस्ती खेळत बसतो.

कागद चिकटलाच नाही, तर रेडिएटरच्या पत्र्या पाहा. आष्टी-आर्वीच्या कापूसपट्ट्यात हिवाळाभर कापसाचे तंतू उडतात, त्यावर धूळ, त्यात किडे, गवताच्या काड्या. दोन पत्र्यांमधली फट बुजते. ताटी चोंदलेल्या कूलरसारखीच ही अवस्था. मागून पुढे, हलक्या धारेने पाणी मारून पत्र्या धुवायच्या. प्रेशरचा पाइप जवळ नेला, तर नाजूक पत्र्या लोळतात आणि फट कायमची बंद होते. पंख्याभोवतीचा प्लॅस्टिकचा घेर, जो कुठल्याशा ठोकरेनंतर ‘काही कामाचा नाही’ म्हणून फेकून दिलेला असतो, तोही लागतो. तो नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूची हवा गोल गोल फिरवत राहतो.

‘डायरेक्ट’ची किंमत

आता त्या एका वाक्यातल्या तोडग्याकडे येऊ. रस्त्यात, रणरणत्या उन्हात, घरी पोचण्यासाठी पंखा डायरेक्ट करणं मुळीच चूक नाही. चूक ही, की तो तसाच राहतो. सतत चालून कार्बन लवकर झिजतात, बॅटरी आणि अल्टरनेटरवर कायमचा भार पडतो, आणि फ्यूज न लावता ओढलेली वायर म्हणजे बोनेटखाली ठेवलेली काडीपेटी. बहुतेकदा त्याच दिवशी थर्मोस्टॅटही काढलेला असतो. मग हिवाळ्यात इंजिन धड गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि ऑइलमध्ये ओल राहते. उन्हाळ्यातला आजार घालवताना हिवाळ्यातला लावून घेतला.

त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. साखळीतली गंजलेली कडी कोणती, हे आता गाडी सांगू शकत नाही. डायरेक्ट केलेली मोटर ज्या दिवशी बंद पडेल, त्या दिवशी काटा चढेपर्यंत काहीच कळणार नाही. आणि ॲल्युमिनियमचं हेड वाकायला फार वेळ लागत नाही. मग हेड उतरवणं, घासून सपाट करणं, नवं गॅसकेट, हा खर्च एका थर्मो स्विचच्या कितीतरी पट.

म्हणून होळीनंतर कूलर बाहेर काढाल, त्याच सकाळी गाडीही अंगणात वीस मिनिटं चालू ठेवा. पंखा लागल्याचा आवाज आला, की बहुतेक जण समाधानाने इंजिन बंद करतात. तेवढ्यात करू नका, आणखी दोन-तीन मिनिटं उभे राहा. पंखा थांबला पाहिजे, आणि थोड्या वेळाने पुन्हा लागला पाहिजे. नुसता लागणारा पंखा डायरेक्टवालाही असतो. आपला आपण थांबणाऱ्या पंख्यामागे मात्र स्विचपासून अर्थापर्यंतची प्रत्येक कडी शाबूत असते.